आटवलेलं पाणी

पहिली चप्पल गिरिजाबाईनंच हाणली. ती जोतीरामच्या कानशिलावर बसली आणि त्याच्या हातातला लाल रंगाचा डबा विहिरीच्या कठड्यावरून खाली घरंगळत गेला. कठड्यावर 'हे पाणी पिण्यास' एवढंच लिहून झालं होतं. पुढचा शब्द राहिला.

"जोत्या, तुझा बा ह्याच पाण्यावर वाढला की रं. तुझ्या बारशाच्या घुगऱ्या ह्याच पाण्यात शिजल्या. आन् तू ह्या हिरीला नावं ठेवायला आलास?"

जोतीराम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. गावातल्या विहिरींचं, बोअरचं पाणी बाटल्यांत भरून सोलापूरला तपासायला न्यायचं आणि कागद आला की लोकांना सांगायचं, हे त्याचं काम. कागद खिशातच होता.

"अव्वा, मी कशाला नावं ठेवू? उसाचा युरिया आन् गोठ्याचा उकिरडा, दोन्ही खाली मुरलंय. नायट्रेट वाढलंय पाण्यात. मोठ्या माणसाला एकडाव चालून जाईल, पर बारक्या लेकराला..."

पुढचं बसवराजनं बोलू दिलं नाही. हा गिरिजाबाईचा धाकटा लेक, अंगानं दणकट आणि डोक्यानं आईवर गेलेला. त्यानं जोतीरामची कॉलर धरली, तोंडावर एक ठेवून दिली, मग आणखी एक, आणि त्याला कठड्यावर पालथा घातला. जोतीरामच्या नाकातलं रक्त खाली पाण्यात टपटपू लागलं.

"पी," बसवराज म्हणाला. "हितनंच वाकून पी आन् कसं लागतंय ते सांग."

"गोडच लागंल की," जोतीराम खालीच बघत म्हणाला. "चवीला कळत न्हाय, त्याचंच तर भ्या हाय."

गिरिजाबाई लेकाला थांब म्हणाली नाही. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीच्या कळश्या तिच्या विहिरीवर भरत. रिकामं तिनं कुणाला पाठवलं नव्हतं, दुष्काळातसुद्धा. त्या विहिरीच्या तोंडाला कुणी रंग फासावा आणि तिनं बघत बसावं?

तेवढ्यात घरातून भुवनेश्वरी अनवाणी पळत आली. बसवराजची बायको. छातीशी दोन महिन्यांची पोर.

"आत्याबाई, हिचे ओठ बघा. दूध पाजलं आन् अशी झाली."

ओठ जांभळे पडले होते. नखंही. पोर तोंड उघडत होती, पण रडण्याचा आवाज काही निघत नव्हता.

"गारठली असंल," गिरिजाबाई म्हणाली. चैत्राचं ऊन पाठ भाजत होतं, तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

"वरचं दूध देता व्हय?" कठड्यावरून जोतीरामनं विचारलं. "कशात कालवता?"

"पावडर हाय. हितल्याच पाण्यात," भुवनेश्वरी म्हणाली.

"कच्च्या पाण्यात न्हाय," गिरिजाबाई कडाडली. "मला काय येडी समजलास? मी सोता चुलीवर ठेवते. तांब्याभर पाण्याचं अर्धा तांब्या होईस्तवर आटवते. माझी चार लेकरं त्याच्यावरच जगली."

जोतीराम हळूच म्हणाला, "अव्वा, वाफ होऊन पाणी जातंय. नायट्रेट जात न्हाय. तांब्याभरातलं सगळं अर्ध्या तांब्यात ऱ्हातंय."

गिरिजाबाई दुसरी शिकलेली. पण बासुंदी आटली की गोडी कुठं जाते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

बसवराज अजून त्याची मान दाबूनच उभा होता. गिरिजाबाईनं त्याच्या कमरेत लाथ घातली.

"सोड त्याला, मुडद्या. गाडी काढ."

बसवराजनं मोटारसायकल काढली, भुवनेश्वरी पोरीला पदरात घट्ट घेऊन मागं बसली.

"जोत्या, तू बी जा," गिरिजाबाई म्हणाली. "कागद डाक्टरला दाव. आमाला त्यातलं काय सांगता यायचं न्हाय."

जोतीरामनं बाहीनं तोंड पुसलं आणि आपली गाडी त्यांच्या मागं घातली. धूळ खाली बसेपर्यंत गिरिजाबाई रस्त्याकडं बघत राहिली.

"आक्का, मोटार लावा की." शेजारची केराबाई दोन कळश्या घेऊन दारात उभी होती.

गिरिजाबाईनं धोंडा उचलला आणि मोटारीच्या स्टार्टरवर घातला. पेटीचं झाकण निखळलं, आत ठिणगी उडाली. तिनं पुन्हा घातला. पेटी भिंतीवरून लोंबकळायला लागली तरी ती घालतच राहिली.

"येड लागलं का आक्का? थेंब न्हाय घरात. आन् माजी सून बाळंतीण."

"सुनेला मी काय सांगितलं हुतं? बाळाला पाणी कसं द्यायचं?"

"आटवून. अर्धं करून. गल्लीतल्या समद्याच पोरी तुमचं ऐकून तसंच देत्यात की."

गिरिजाबाईनं धोंडा खाली टाकला. मग जोतीराम जे बोलला ते तिनं केराबाईला सांगितलं, त्याच शब्दांत, आपलं एकही न घालता. भुवनेश्वरी कुठं गेली तेही सांगितलं.

कळश्या पडल्या. केराबाईनं दोन्ही हातांनी तिच्या झिंज्या धरल्या आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. गावात गिरिजाबाईपुढं कुणी आवाज चढवून बोलत नसे.

गिरिजाबाईनं केस सोडवून घेतले नाहीत. भुवईतून आलेलं रक्त डोळ्यात उतरलं तसं ती म्हणाली, "मार गं. माघारी येऊन मार, मी हितंच हाय. आदी बाळाचे ओठ बघून ये."