पिवळ्या रेघेपलीकडे

बालवाडी चालवणाऱ्या डेल्फीनचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. बालवाडीची खिडकी, दार, पुन्हा खिडकी. कुंपणाला लागून जुने टायर वितळवायचा कारखाना, आणि आज त्याचा धूर थेट मुलांच्या झोपाळ्यांवर उतरत होता. छोटी शायला दोनदा ओकली होती. बाकीच्यांचे डोळे रडून उठल्यासारखे लाल.

रस्त्याच्या मधोमध पिवळी रेघ होती. तिच्या पलीकडे प्रांताच्या प्रदूषण खात्याचा केविन गाडीला टेकून उभा होता. हातातलं धूर मोजायचं यंत्र गप्प. रेघेच्या अलीकडे आदिवासींची राखीव वस्ती. इथे प्रांताचा नाही, केंद्र सरकारचा कायदा चालतो, आणि केंद्राने धुराचा कायदा इथल्यासाठी केलेलाच नाही. वस्तीच्या पंचांनी कारखान्याला जमीन भाड्याने देताना नोकऱ्या लिहून घेतल्या, झाडं लावायचंसुद्धा लिहून घेतलं. धुराचं लिहिलं नाही. कारखाना आला म्हणजे त्याच्यामागून कायदाही येणारच, असं ती भली माणसं धरून चालली.

डेल्फीन तरातरा रेघेपर्यंत गेली.

"काय रे पोरा, मघाशी आमच्या अंगणात आला होतास, तेव्हा वास आला ना तुला?"

"आला की, बाई. डोकं अजून ठणकतंय."

"मग लिही ना तसं!"

"तिकडे मी पाहुणा. यंत्र इकडेच लावता येतं मला. वारा फिरू दे, धूर या बाजूला येऊ दे, लगेच नोटीस काढतो."

"आणि नाही फिरला तर?"

केविनने आभाळाकडे पाहिलं.

"असं होय," डेल्फीन म्हणाली. "म्हणजे साहेब वारा आहे. तू नुसता त्याचा शिपाई."

तो ओशाळून हसला. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं.

बालवाडीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. एकाचा थांबला की दुसऱ्याचा सुरू. डेल्फीनला स्वतःचाच भयंकर राग आला. आपणही या शहाण्याबरोबर सकाळपासून वाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलो! ती आत गेली. मुलांना रांगेने फिरायला न्यायचा जाड दोर तिने खुंटीवरून ओढला.

"चला रे माकडांनो, धरा दोर. आज रोटी बाहेर खायची."

कारखान्याच्या फाटकात तिचा भाऊ विल्फ्रेड कामाचं हेल्मेट घालून उभा होता. बहीण पोरं घेऊन निघालेली पाहून त्याने अर्धा हात वर केला आणि कोणी बघायच्या आत खाली घेतला.

दोन्हीकडच्या गाड्या थांबवून डेल्फीनने मुलं पलीकडे नेली आणि रस्त्याकडेच्या गवतावर बसवली. खोकला हळूहळू उतरला. शायलाने दोन मोठे श्वास घेतले आणि रोटीला हात पुढे केला. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोटही ठरला नव्हता.

केविन धावतच आला.

"बाई, अहो, मुलांना इथं नाही बसवता येणार!"

"का रे?"

"हमरस्त्याची कड आहे ही. मुलांच्या जिवाला धोका आहे. प्रांताचा नियम आहे तसा, आणि फार कडक आहे."

डेल्फीनने दोर खाली टाकला आणि मुलांच्या मधोमध फतकल मारून बसली.

"आहे ना नियम? मग लाव बाबा एकदाचा. आमच्या पोरांना तुमचा एखादा नियम लागावा, म्हणूनच तर रस्ता ओलांडलाय."