इंदुताईंचा हात

"ताई, त्या खुर्चीला काटे आहेत का हो?" विठ्ठलरावांनी विचारलं.

इंदुताई पुन्हा उठल्या होत्या. तंबूबाहेर गेल्या, झाडाला बांधलेली अँटेनाची तार उगाच ओढून बघितली, परत येऊन बसल्या. ऊन कलायला लागलं होतं आणि त्यांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

सकाळीच काचीगुड्याहून जीप भरून तिघं अनंतगिरीच्या डोंगरावर आले होते. विठ्ठलराव हॅम रेडिओ क्लबचे सेक्रेटरी, वीज खात्यातून रिटायर झालेले. दीपाली सॉफ्टवेअरवाली, तिघांत लहान. आणि इंदुताई, ज्यांचं अर्धं आयुष्य आबिड्सच्या तार ऑफिसात मोर्सची कट्टकट्ट करण्यात गेलं. असा हात क्लबात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून विठ्ठलराव त्यांना सोडत नसत.

स्पर्धा म्हणाल तर सोपी. तंबू ठोकायचा, बॅटरीवर सेट चालवायचा आणि जगभरातल्या जास्तीत जास्त हौशी मंडळींना गाठायचं. गप्पाटप्पा काही नाहीत. मी माझा नंबर, म्हणजे आजचा हा कितवा संपर्क तो आकडा, देतो, तू तुझा दे, पुढे चल. एका माणसाला एकदाच गाठायचं, दुसऱ्यांदा गाठलं तर गुण नाहीत. पण स्पर्धेत हाक आली की उत्तर द्यायचंच, कोणाचीही असो, अशी रीत.

त्या रीतीसाठी तर इंदुताई दुखरे गुडघे घेऊन इथवर आल्या होत्या.

मुलगा तेजस टोरांटोला. दोन वर्षं त्याने त्यांच्याशी अक्षर काढलं नव्हतं. वडील गेल्यावर त्यांचा रेडिओ सेट इंदुताईंनी क्लबला देऊन टाकला. डोळ्यांसमोर नको म्हणून दिला, पण त्याला विचारलं नाही. "बाबांची तेवढी एकच वस्तू मला हवी होती, आई," म्हणाला आणि फोन ठेवला. तो ठेवलाच. मेसेज वाचायचा, उत्तर मात्र नाही. या स्पर्धेत तो दर वर्षी बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्याला मोर्स त्यांनीच शिकवलं होतं.

"मावशी, बिस्किट तरी खावा," दीपाली म्हणाली. "सकाळपासून नुसतं नक्को नक्को चाललंय तुमचं."

"घशाखाली उतरत नाही गं."

"हाक तर क्लबच्या नावाने जाणार. त्याला काय कळतंय?"

"अगं, नाव लपेल, हात कसा लपेल? आमच्या ऑफिसात पलीकडे कोण बसलंय ते दोन अक्षरांत कळायचं. त्याने ओळखून सेटच बंद केला तर?"

"नाही करणार," विठ्ठलराव म्हणाले. "रीत आहे."

"तुम्हाला त्याचा हट्ट माहीत नाही. माझ्यावर गेलाय मेला."

सूर्य पार खाली आला, तेव्हा दीपालीने हेडफोन कानावर दाबला. "मावशी! टोरांटो! तेजसच आहे, हौ, त्याचंच कॉलसाइन!"

इंदुताईंनी दुसरा हेडफोन कानाला लावला. मोर्सची की, टकटक करायची ती दांडी, त्यांनी हाताखाली ओढली आणि क्लबच्या कॉलसाइनची अक्षरं पाठवली.

पलीकडे शांतता. बरीच लांबलेली.

"ओळखलं त्याने," त्या पुटपुटल्या. "झालं, गेला."

पण गेला नव्हता. त्याचा नंबर आला, भराभर, कोणालाही द्यावा तसा. इंदुताईंनी श्वास सोडला आणि आपला पाठवला. दोनशे चौदा.

"पुन्हा," तिकडून आलं.

त्यांनी पुन्हा पाठवला.

"पुन्हा."

"पोचत नाही त्याला," विठ्ठलराव बॅटरीकडे बघत म्हणाले. "आपल्याला तो खणखणीत येतोय, पण आपला आवाज आता बारीक झालाय. त्यात दिवस मावळतोय. थोड्या वेळात टोरांटोपर्यंत पोचणंच पार बंद होईल."

नंबर पोचल्याचं त्याने सांगितलं नाही, तर हा संपर्क धरलाच जाणार नव्हता. इंदुताई पुढे सरकल्या. आंधळ्याच्या हातात वस्तू ठेवावी तसा एकेक आकडा सावकाश, वेगळा वेगळा पाठवला.

"पुन्हा."

"ताई, आता सोडा त्याला," विठ्ठलराव कळवळून म्हणाले. "बाकीची मंडळी खोळंबलीत. गुण जातायत हो आपले!"

"खड्ड्यात गेले तुमचे गुण!" इंदुताईंचा आवाज फुटला. "दोन वर्षांनी माझं लेकरू मला काहीतरी विचारतंय, आणि त्याला माझं ऐकू जाईना. मी उठू होय इथून?"

दीपालीने नुसता इंदुताईंच्या पाठीवर हात ठेवला.

इंदुताईंनी पदराने डोळे पुसले आणि परत सुरुवात केली. पण आता बोटं ऐकत नव्हती. हात मध्येच अडखळला, कसाबसा शेवटाला गेला.

"अय्यो मावशी," दीपाली हळूच म्हणाली, "दोनशे एक्केचाळीस गेलं."

इंदुताईंनी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत चुकला नव्हता तो हात आजच चुकायचा होता! आधीच त्याला ऐकू जात नव्हतं, आता जे जाईल तेही खोटं. चूक सुधारायला त्यांनी की धरली, तोच हेडफोनमध्ये तेजसचा हात वाजायला लागला.

"चूक. दोनशे चौदा. पुन्हा."