बादलचं ठाण

सोनगीरच्या फार्मवरचा एकुलता नर घोडा बादल मेला, तेव्हा नवलने त्याला स्वतःच्या हाताने पुरलं. रडू आलं नाही, अजूनही येत नव्हतं. मात्र रोज सकाळी घोडी घेऊन त्याचे पाय बादलच्या ठाणाकडेच वळायचे. घोडी माजावर आलीय का, हे नराच्या दारात उभी केल्यावरच कळतं; जन्माची सवय.

आज त्याने चांदणीला त्या रिकाम्या दारात उभं केलं. ती एकदा किंचाळली, मग शेपूट बाजूला धरून निमूट उभी राहिली. नर समोर असल्याशिवाय घोडी असं करत नाही.

"नवल, आते तठे कोन शे रे?" हौदाजवळून झुलाल आबांनी विचारलं.

"कोनीच नही, आबा." चांदणीला खुंट्याला बांधून नवल ठाण झाडायला आत गेला.

बादलला एकच खोड होती. नवल आत आला की तो आधी त्याची मान हुंगायचा, मग खांदा चावायचा. म्हणून नवल खांद्यावर गोणपाटाची घडी टाकायचा. ते गोणपाट त्याने बादलवरच पांघरून पुरलं होतं.

मानेला ऊन श्वास लागला. नवलने वळून पाहिलं नाही. सवयीने हात खांद्याकडे गेला.

गोणपाट जागेवर होतं. ओलं, मातीने भरलेलं.