डिंकानं चिकटवलेला हात

नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेला बाहुल्यांचा कोलू आवरताना विशालाक्षीकडून मातीच्या जुन्या बाळकृष्णाचा हात मोडला. भंगलेली मूर्ती पायरीवर मांडत नाहीत, आणि कावेरीत सोडायला तिचं मन धजेना. तिनं हात डिंकानं चिकटवला आणि कृष्ण कुंभकोणच्या भजनमठात गरीब मुलांसाठी जमवलेल्या दिवाळीच्या खेळण्यांत ठेवून दिला. देणाऱ्यांना "मोडकं आणू नका हं" असं बजावणारी सेवेकरीणही तीच. वाटप झालं आणि तो हात एका चिमुरडीच्या मुठीत निघून आला. "मिळाला नाही तोच मोडलास?" आईनं पाठीत धपाटा घातला. पोर हुंदके देत विशालाक्षीपुढं आली. "मामी, मी नुसता धरला हो." कीर्तनात द्रौपदीच्या हाकेला ढसाढसा रडणारी विशालाक्षी म्हणाली, "असू दे गं. होतं असं." "केवढं मोठं मन अक्कांचं!" कुणीतरी म्हणालं. पोरीनं वाकून नमस्कार केला. विशालाक्षीला पाय कुठं लपवावेत कळेना.