आपोआप झुलणारा पाळणा

बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, तरी बाळ रडायचं थांबेना. बाहेर वारा सुटला होता आणि सव्विसाव्या मजल्यावरचा पाळणा आपोआप झुलत होता. बाळाच्या आईने, मृण्मयीने, तो धरून थांबवला. सोडताच पुन्हा झुलू लागला. तिने संतापून बिल्डरच्या इंजिनिअरला फोन लावला.

"पोलादी सांगाडा वाऱ्यात डोलणारच, मॅडम. फ्लॅटचा ताबा देताना तुमच्या सगळ्यांच्या कानात तोल सांभाळणारी चिप बसवली, ती हे डोलणं जाणवू नये म्हणूनच. कुणाला जाणवत नाही म्हटल्यावर डोलण्याची मर्यादाही वाढवून मिळाली, पोलाद कमी लागलं."

"म्हणजे पोलाद वाचवायला आम्हाला बधिर केलंत?"

"नियमात बसतं. बाळालाही चिप बसवून देऊ, फुकट."

मृण्मयीने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"या घरात शुद्धीवर असलेलं एकटं तेच आहे," ती म्हणाली. "त्याच्या कानाला हात तर लावून बघा."