कामाचा दाखला

राजूरच्या कोळसा खाणीवर सुतार हवा होता, पण मुकादम उकंडाला दारातूनच परतवून लावायला निघाला.

"आधी कामाचा दाखला आण. रोज दहा जण येतात, धड रंधा धरता येत नाही एकाले."

उकंडाचा हात खिशातल्या कागदावर थबकला. कागद दाखवला तर एकतर काम मिळेल, नाहीतर गावच्या पाटलाची माणसं त्याला धरून न्यायला येतील. त्यानं तो काढून पुढं धरला. घाटंजीच्या बाजारातल्या भिंतीवरून त्यानंच तो उपटून आणला होता.

मुकादम मोठ्यानं वाचू लागला, "बापाच्या वेळेपासून आमच्या घरी वेठीला बांधलेला सुतार उकंडा दसऱ्याला नागपूरला म्हणून गेला, तो परतला नाही. खूण, खिळा न मारता दार जोडतो. त्याच्यासारखं बैलबंडीचं चाक तालुक्यात कोणाला जमत नाही. कोणी कामावर ठेवू नये, दिसल्यास धरून आणावे. मारोतराव पाटील."

मुकादमानं मान वर केली. "अबे, हा कायचा दाखला? यात तर तू पळाला म्हणून लिवलं हाये!"

"हो जी," उकंडा ताठ उभा राहत म्हणाला, "तेही काम माह्यंच हाये."