बुटका ओटा

अपघातानंतर मेघा चाकाच्या खुर्चीवर आली आणि घरचे तिला पाण्याचा पेलाही हातात देऊ लागले. हुडकेश्वर वस्तीतल्या घराच्या अंगणात सासरे आनंदराव आठवडाभर जुना दिवाण कापत-ठोकत होते. आपल्याला कायमचं निजवायला पलंग बनतोय, या विचारानं ती खचली होती. रविवारी त्यांनी तिची खुर्ची स्वयंपाकघरात नेली. खिडकीखाली लाकडी ओटा होता, बुटका, खुर्ची खाली सरकेल असा. वर फरशी, फरशीवर शेगडी, हाताशी डबे. "मामाजी, हे काहून केलं?" तिनं फरशीवरून हात फिरवत विचारलं. "तुह्या सासूच्या हातचा चहा पिऊन कंटाळलो ना पोरी," ते म्हणाले. "ऐकून राहिली मी!" सासू अंगणातून ओरडली. मेघा खळखळून हसली. तिनं शेगडी पेटवली, आलं किसलं, पण बोलण्याच्या नादात चहा उतू गेला. सासू पुसायला धावली, तोवर मेघानं फडकं उचललं होतं.